वाचवायचे तर अटी आणि तारीख लिहून

इंदूर, दि. ८ जानेवारी २०२४

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात, २५ डिसेंबर रोजी, इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटर (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) आणि कामगार संघटनांचे पुढारी यांच्या हाती देण्यात आला. पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीद्वारे त्या समारंभात सहभागी झाले होते, आणि जेमतेम बारा दिवसांपूर्वी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेल्या डॉ. मोहन यादव यांच्या सरकारचा हा पहिलाच मोठा कार्यक्रम होता. सुमारे ४,८०० कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना याचा लाभ होणार आहे. बातमी सर्वांनी ठळक छापली, ते योग्यच झाले. मिल बंद पडली १९९१ च्या डिसेंबरात आणि पैसे आले २०२३ च्या डिसेंबरात. या दोन डिसेंबरांमधल्या बत्तीस वर्षांबद्दल मात्र फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून हे पत्र.

राज्यात नवे सरकार आले आहे आणि काही महिन्यांतच लोकसभेची निवडणूक होऊन केंद्रातही नवे मंत्रिमंडळ शपथ घेईल. अशा वेळी नव्या सरकारकडून काय अपेक्षा आहेत, हे सांगणारी पत्रे आपल्याकडे ढिगाने येत असतील. माझी अपेक्षा एकाच विषयापुरती आहे. बुडणाऱ्या खासगी कंपन्यांना सरकार जेव्हा हात देते, तेव्हा तो कोणाला, किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे कंपनी बुडण्याआधीच लिहून ठेवलेले असावे. मी एका सरकारी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षे कर्जवसुलीच्या खात्यात काढली आणि माझे वडील याच शहरातल्या एका कापड मिलमध्ये होते. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत.

सरकारने खासगी कंपनीला वाचवूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तसे म्हणणारे लोक बहुधा मिलच्या गावात वाढलेले नसतात. इंदूरचा मराठी माणूस गिरणी म्हणत नाही, मिलच म्हणतो. मालवा मिल, कल्याण मिल, स्वदेशी, राजकुमार, हुकुमचंद, भंडारी ही नावे आज चौकांना, पुलांना आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी उरली आहेत. भोंगा वाजायचा थांबला की त्या मिलचे कामगार तेवढे घरी बसतात असे होत नाही. परदेशीपुऱ्यातली खानावळ बसते, उधारीवर किराणा देणारा बसतो, सायकलींची पंक्चरे काढणाराही बसतो. एका मोठ्या कारखान्याच्या पोटावर किती लहान पोटे असतात, हे ज्याने पाहिले आहे तो 'बाजारात जे टिकेल ते टिकेल' असे सहज म्हणू शकत नाही.

पण वाचवणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे एक उत्तरही आम्ही इथेच पाहिले. १९७४ च्या कायद्याने केंद्र सरकारने देशातल्या १०३ आजारी कापड गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या मिलही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. तोटा सरकार भरून देत राहिले, यंत्रे बहुतांशी जुनीच राहिली, आणि हे किती वर्षे चालवायचे हे कोणी ठरवले नव्हते. अखेर त्याही बंदच पडल्या. खासगी मालकांच्या हाती राहिलेल्या हुकुमचंदसारख्या मिलचे काय झाले, ते आपण पाहतोच आहोत. म्हणजे एकीकडे वाचवण्याला शेवट नव्हता आणि दुसरीकडे बुडण्याला शेवट नव्हता. दोन्हींकडे तारीख लिहायची राहून गेली होती.

याच शहराने याच्या उलट व्यवहारही पाहिला आहे. १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर रेल्वेमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षे. त्या रकमेची, त्या काळाची आणि समोरच्या पक्षाच्या ताकदीची कल्पना करून पाहावी. तरीही कर्ज म्हणजे कर्ज, त्याला दर हवा आणि शेवटचे वर्ष हवे, एवढे भान दरबाराने सोडले नाही. मुदत १०१ वर्षांची का असेना, ती लिहिलेली होती.

आता अलीकडच्या काही तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहू. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला पन्नास हजारांहून अधिक रक्कम काढता येईना. तेरा दिवसांत, १८ मार्चला, स्टेट बँकेच्या पुढाकाराने नवे भांडवल उभे राहून निर्बंध उठले. त्याआधी सहा महिने, २०१९ च्या सप्टेंबरात, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीची मर्यादा एक हजार रुपये होती. त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला, आणि पाच लाखांवरच्या ठेवी तर दहा वर्षांच्या हप्त्यांत परत मिळायच्या आहेत. दोन्हींकडे ठेवीदार निर्दोष होते. तेरा दिवस आणि दहा वर्षे यांतला फरक त्यांच्या वागण्यातून आलेला नाही. एक बँक पडली असती तर सगळ्या बाजाराला हादरा बसला असता आणि दुसरी पडल्यावर फक्त तिच्या खातेदारांना बसला, त्यातून तो आला आहे. (येस बँकेवर निर्बंध येण्याच्या तोंडावर बडोद्याच्या स्मार्ट सिटी कंपनीने आपले २६५ कोटी रुपये तिथून काढून घेतले होते. चांगलेच झाले, पैसा शेवटी बडोदेकरांचाच होता. पण सामान्य खातेदाराला असा वास आधी येत नाही.)

सरकारने खरोखर मनावर घेतले तर काम किती लवकर होते, याचे सर्वांत चांगले उदाहरण सत्यम या संगणक-सेवा कंपनीचे आहे, आणि त्यात सरकारी तिजोरीतून भांडवलही गेले नाही. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबात फेरफार केल्याची कबुली दिली. चौथ्या दिवशी जुने संचालक मंडळ दूर होऊन किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन हे तिघे त्या जागी आले. एप्रिलच्या मध्याला लिलाव होऊन कंपनी टेक महिंद्राकडे गेली. सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता आणि लोकसभेची निवडणूक डोक्यावर होती. तरी मालकाला वाचवायचे नाही, कंपनीला वाचवायचे, हा फरक सरकारने नीट ओळखला. आपल्याकडे हे जमत नाही असे कोणी म्हटले की मी या शंभर दिवसांची आठवण करून देतो.

मग हुकुमचंदच्या वाट्याला बत्तीस वर्षे का आली? कायद्यात कामगारांची जागा खाली होती म्हणून नव्हे. १९८५ च्या दुरुस्तीपासून कंपनी बुडाली की कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने, म्हणजे रांगेत जवळजवळ पुढेच, धरली जातात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही चोवीस महिन्यांपर्यंतच्या वेतनाला तीच जागा आहे. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २००७ मध्येच कामगारांचे देणे २२९ कोटी असे ठरवून दिले होते. मधल्या काळात त्यातला काही भाग मिळालाही. पण पैसा येणार होता तो जमिनीतून, आणि चाळीसहून अधिक एकरांची ती जमीन कोणाची, विकायची कोणी, तिचा वापर बदलायचा कोणी, यावर शासन, महापालिका, बँका आणि लिक्विडेटर यांचे कागद फिरत राहिले. कायद्याने कामगारांना रांगेतली जागा दिली, पण रांग पुढे सरकवण्याचे काम कोणावरही टाकले नाही. शेकडो कामगार दर रविवारी मिलच्या गेटपाशी जमत राहिले. पुढच्या रविवारी त्यांतला एखादा कमी झालेला असे.

१९९१ साली दहा ग्रॅम सोने पाच हजार रुपयांच्या आत मिळत होते, २०२४ च्या जानेवारीत ते सराफ्यात बासष्ट हजारांच्या पुढे होते. तेव्हाच्या देण्याची आजची किंमत काय, हे ज्याने त्याने करून पाहावे.

आमच्या घरची गोष्ट वेगळ्या मिलची आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. वडील गेले त्याला बारा वर्षे झाल्यावर दाव्याचा अर्ज भरायची वेळ आली. अर्जात टोकन नंबराचा रकाना होता. आईने देवघराच्या खालच्या खणातून, जुन्या पंचांगांखालून, एक पितळी टोकन काढून दिले. रोज पाळीवर जाताना आणि येताना हातात धरून त्याचे आकडे इतके झिजले होते की शेवटचा तीन आहे की आठ, हे खिडकीशी नेऊनही कळेना. कार्यालयातल्या बाबूने दोन्ही आकडे लिहून दोन अर्ज करायला सांगितले, दोन्हींना प्रतिज्ञापत्रे जोडली, आणि त्यातला एक 'नाव जुळत नाही' म्हणून परत आला. दुसरा मंजूर झाला तेव्हा हाती आलेली रक्कम आईच्या एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला पुरली. हे दुःख उगाळण्यासाठी सांगत नाही. ज्या देण्याला तारीख नसते ते कायद्याने कितीही पक्के असले तरी अखेरीस कशात मोडते, एवढेच यातून दाखवायचे आहे.

बँकेच्या टेबलामागे बसल्यावर मला याची दुसरी बाजू दिसली. दोन शिलाई मशिनांवर रेडिमेड कपडे शिवून देणारी एक बाई आमच्या शाखेची कर्जदार होती. चाळीस हजारांचे कर्ज, तीन हप्ते थकलेले. नियमाप्रमाणे मी तिला नोटीस पाठवली, जामीनदार असलेल्या तिच्या दिराच्या दुकानावर माणूस पाठवला आणि पंधरा दिवसांत तिने मंगळसूत्र गहाण ठेवून हप्ते भरले. त्याच तिमाहीत एका मोठ्या कंपनीच्या कर्जपुनर्रचनेसाठी मुंबईला बँकांच्या समूहाची बैठक होती. साहेबांची बॅग सांभाळायला, म्हणजे फायली न्यायला, मला सोबत नेले होते. गुळगुळीत कागदावर छापलेला पुनरुज्जीवनाचा आराखडा प्रत्येकापुढे ठेवला होता, त्यात पुढच्या पाचही वर्षांची विक्री दरवर्षी वाढतच जाणारी दाखवली होती. गेली तीन वर्षे ती घटत होती, याचा उल्लेख शेवटच्या परिशिष्टात होता. कोणीही आवाज चढवला नाही. चहाबरोबर काजू होते. मुदत वाढली, व्याज कमी झाले आणि थकलेल्या व्याजाचे नवे कर्ज झाले. कंपनीच्या मालकांनी स्वतःचे किती पैसे घालायचे, हा मुद्दा 'यथावकाश' या शब्दावर संपला.

तिथे बसलेला एकही माणूस भ्रष्ट होता असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच ते अधिक अवघड आहे. चाळीस हजारांचे कर्ज बुडाले तर प्रश्न त्या बाईचा असतो. चारशे कोटींचे बुडाले तर तो बँकेचा होतो, आणि हातात नियम नसलेला अधिकारी अशा वेळी आजचे मरण उद्यावर ढकलतो. २०११ साली बँकांनी किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्जाचे शेअर करून घेतले ते ६४ रुपये ४८ पैसे भावाने, म्हणजे बाजारभावापेक्षा सुमारे साठ टक्के चढ्या दराने. पुढच्याच वर्षी त्या कंपनीची विमाने जमिनीवर आली.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहायला हवे, कारण तो आपल्या अंकातल्या पत्रांतही वारंवार दिसतो. बँकांनी पाच वर्षांत दहा लाख कोटींची कर्जे 'माफ' केली, असे लोक लिहितात. २०२१-२२ पर्यंतच्या पाच वर्षांत बँकांनी १०.०९ लाख कोटी रुपये निर्लेखित केले, हे सरकारने संसदेत सांगितले आहे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. ताळेबंद स्वच्छ दिसावा म्हणून ती रक्कम बाजूला काढली जाते आणि कर्जदाराचे देणे कायम राहते. हे तांत्रिकदृष्ट्या अगदी खरे आहे. पण तो खड्डा कोणी भरला? २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात केंद्र सरकारने सरकारी बँकांत सुमारे ३.१० लाख कोटींचे भांडवल घातले, त्यातले २.७६ लाख कोटी रोख्यांच्या रूपाने, म्हणजे पुढच्या पिढीच्या करातून. खासगी कंपनीला सरकारने थेट पैसे दिले असते तर देशभर चर्चा झाली असती. ते बँकेच्या पोटातून गेले म्हणून झाली नाही. आपल्याकडे खासगी कंपन्यांना मिळणारी मदत बहुतेक वेळा अशी मागल्या दाराने जाते, आणि म्हणूनच तिला अटी नसतात.

उघडपणाच्या बाबतीतही हेच दिसते. २०१९ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात शेतकऱ्यांची कर्जमाफी आली, तेव्हा हिरवे, पांढरे आणि गुलाबी अर्ज होते आणि कोणाचे किती कर्ज, याच्या याद्या ग्रामपंचायतीत लागल्या होत्या. महू तालुक्यातले माझे एक परिचित चौदा हजारांच्या थकबाकीसाठी आपले नाव भिंतीवर वाचून आले. मोठ्या थकबाकीदारांची नावे द्यायला मात्र रिझर्व्ह बँक तयार नव्हती. माहितीच्या अधिकाराखाली ती द्यावी लागेल, हे सांगायला २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

नवे सरकार आल्याने काही बदलते का, असे मला कोणी विचारले तर मी अमेरिकेतल्या २००८-०९ च्या हिवाळ्याकडे बोट दाखवीन. तिथल्या मोटारकंपन्या बुडायला आल्या तेव्हा जाता जाता अध्यक्ष बुश यांनी १९ डिसेंबरला जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले आणि पुढचा निर्णय नव्या सरकारवर सोडला. जानेवारीत आलेल्या ओबामा सरकारने मार्चअखेर कंपन्यांचे आराखडे सरळ परत केले, जनरल मोटर्सला साठ दिवस दिले आणि तिच्या प्रमुखांना पायउतार व्हायला लावले. जूनच्या पहिल्या दिवशी कंपनी दिवाळखोरीत गेली, जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही, सरकार सुमारे साठ टक्क्यांचे मालक झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात शेवटचा शेअर विकून बाहेर पडले. त्यात दहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, हेही सांगितले पाहिजे. मला तो तोटा फारसा खटकत नाही, कारण तो मोजता आला, उघडपणे सांगता आला आणि एका तारखेला संपला.

एआयजी या विमा कंपनीचे मात्र तिथेही बिनसले. सप्टेंबर २००८ मध्ये ८५ अब्ज डॉलरची मदत घाईत देताना अधिकाऱ्यांच्या बोनसचे जुने करार तसेच राहिले. मार्चमध्ये त्याच कंपनीने साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटले तेव्हा सारा देश खवळला, आणि करार आधीचे असल्यामुळे सरकारला हात चोळत बसावे लागले. जी अट पैसे देताना लिहिली नाही ती नंतर घालता येत नाही. हे बँकेतला नवा कारकूनही सांगेल.

आपल्याकडच्या ताज्या उदाहरणाबद्दल मी म्हणूनच साशंक आहे. व्होडाफोन-आयडियाने सरकारला द्यायच्या व्याजापैकी १६,१३३ कोटी रुपयांचे २०२३ च्या फेब्रुवारीत शेअर झाले आणि सरकार त्या कंपनीत सुमारे ३३ टक्क्यांचे, म्हणजे सर्वांत मोठे, भागधारक झाले. शेअरचा भाव धरला दहा रुपये, बाजारात तो त्याहून बराच खाली होता. दूरसंचार क्षेत्रात दोनच खासगी कंपन्या उरू नयेत, हे कारण मला पटते. पण सरकार यातून केव्हा आणि कशा रीतीने बाहेर पडणार, आणखी देणी थकली तर आणखी शेअर घेणार का, याबद्दल एका पानाचाही कागद लोकांसमोर नाही. मालवा मिल ताब्यात घेतली तेव्हाही तो नव्हता.

आता माझी मागणी. बँकेत जामीनदाराला आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगायचो: तुम्ही कर्ज फेडलेत की तुम्ही आमच्या जागी येता, आमचे सगळे हक्क तुमचे होतात. १८७२ च्या करार कायद्याच्या १४० व्या कलमात हे स्पष्ट लिहिलेले आहे. हेच तत्त्व राज्य सरकारने कामगारांच्या देण्याला लावावे. एखादी कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून मोडीत, गेली आणि कामगारांचे देणे एकदा न्यायालयाने ठरवून दिले, की सहा महिन्यांच्या आत ते राज्याच्या निधीतून चुकते करावे आणि त्या दाव्यात सरकारने कामगारांच्या जागी उभे राहावे. मग जमिनीचा वाद दहा वर्षे चालो की तीस वर्षे, सरकार थांबू शकते. सरकारला वय नसते, डोळ्यांत मोतीबिंदू येत नाही, मुलीचे लग्न निघत नाही. शिवाय जमिनीच्या भांडणात एक पक्ष बहुतेक वेळा सरकार स्वतःच असते. आपलेच पैसे अडकले आहेत म्हटल्यावर ते भांडण किती लवकर मिटते, हे पाहण्यासारखे ठरेल.

यावर वित्त खात्याचा माणूस पैशाचा प्रश्न काढील. मध्य प्रदेशाचा २०२३-२४ चा अर्थसंकल्प तीन लाख कोटींहून अधिक आहे आणि परवा दिलेले २२४ कोटी त्याच्या एक दशांश टक्काही नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सरकार देणारच म्हटल्यावर मालक कामगारांची देणी मुद्दाम थकवतील. थकवू देत, मग त्यांच्या मागे म्हाताऱ्या कामगारांची संघटना नव्हे, तर शासनाचे महसूल खाते लागेल. आम्ही बँकेत वसुलीसाठी तहसीलदाराची मदत घ्यायचो तेव्हा भल्याभल्यांचे धनादेश दुपारपर्यंत येत असत.

केंद्रात येणाऱ्या सरकारकडून अपेक्षा थोडी मोठी आहे. सार्वजनिक पैसा, मग तो थेट असो, सरकारी बँकेतून असो की सोडून दिलेल्या देण्याच्या रूपाने असो, ठरावीक रकमेच्या वर खासगी कंपनीकडे जाणार असेल तर त्याचा करार संसदेच्या पटलावर आला पाहिजे. त्यात जुन्या मालकांनी आधी किती सोसले, शेअर कोणत्या भावाने घेतले आणि सरकार कोणत्या वर्षापर्यंत बाहेर पडेल, हे लिहिलेले असावे. तारीख पाळता आली नाही तर पुन्हा संसदेत येऊन कारण सांगावे. हा नियम शांततेच्या काळात करून ठेवायला हवा. कंपनी कोसळल्यावर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मंत्री, सचिव आणि बँकांचे अध्यक्ष बसतात तेव्हा नियम करायला उसंत नसते, तेव्हा फक्त सह्या होतात.

जाता जाता आपल्या शहरापुरते एक. हुकुमचंद मिलच्या जमिनीवर आता शासनाचे गृहनिर्माण मंडळ निवासी आणि व्यापारी संकुले उभारणार आहे. शहराच्या ऐन मध्यातली ही जागा आहे, तिचे भाव सांगायला नकोत. मंडळाने या प्रकल्पाचा हिशेब स्वतंत्र ठेवावा आणि दर ३१ मार्चनंतर तो आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावा: कामगारांना, बँकांना आणि महापालिकेला किती दिले, दुकाने आणि घरे विकून किती आले. यादीत नाव असूनही कागद अपुरे म्हणून ज्यांचे पैसे अजून निघालेले नाहीत, अशा वारसांची संख्याही त्यात दरवर्षी द्यावी. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी झिजलेले टोकन असेल तर दोन अर्ज करायला न लावता मिलच्या जुन्या हजेरीपुस्तकावरून नंबर जुळवून देण्याची सोय आताच करून ठेवता येईल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
इंदूर